गालातला पापड

आमच्या घरी जेवणाआधीच्या श्लोकाचा वेग स्वयंपाकघरातल्या वासावर ठरायचा. दुधीची भाजी असली की आम्ही भावंडं एकेक शब्द चघळत म्हणायचो. पुरणपोळीच्या दिवशी अख्खा श्लोक एका श्वासात. आजोबांचा नियम एकच : श्लोक संपेपर्यंत पानाला हात नाही. म्हणून मी पापडाचा तुकडा आधीच गालात सरकवून ठेवायचो. श्लोक होईस्तोवर तो मऊ पडे, म्हणजे कुर्रकन वाजायची भीती नाही. नामस्मरणाने पापडसुद्धा विरघळतो, हे मला सहाव्या वर्षीच कळलं. तोंड भरलेलं, त्यामुळे मी नुसते ओठ हलवायचो. श्लोक काही पाठ झाला नाही.

ते पाप कुंभकोणममध्ये फळलं. माझ्या लेकीचं सासर तिथलं, तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या काळापासून ही मंडळी कावेरीकाठची. तंजावरचं राज्य 1855मध्ये खालसा झालं. घरातली मराठी मात्र खालसा झाली नाही.

पहिल्याच पंगतीत केळीचं पान आलं, पाणी आलं. मी गंभीर चेहऱ्याने पानाभोवती पाणी फिरवलं आणि चित्राहुतीसाठी भात शोधू लागलो. भात अजून वाढलाच नव्हता. व्याही हळूच म्हणाले, “पान धुवायचं पाणी ते.”

मी सावरतोय तोच पुढचा बॉम्ब पडला : “तुम्ही पुण्याचे. श्लोक तुम्हीच म्हणा!”

वीस पानं थांबली. सांबाराची बादली घेतलेला वाढपी थांबला. मी जन्मभराच्या सरावाने ओठ हलवले. आवाज फुटेना, आणि सबबीला या खेपेस गालात पापडही नव्हता.

शेवटी ऐंशीच्या घरातल्या आजींनी श्लोक म्हटला, खणखणीत, एक अक्षर न गाळता. श्लोक समर्थांचा, आणि त्यांचे शिष्य भीमस्वामी यांचा मठ तंजावरात होता. त्या वाटेने श्लोक इथवर आला असावा. माजघरातून माझ्या पाटापर्यंत मात्र त्याला येता आलं नव्हतं. ‘गोविंदा, गोविंद’ झालं आणि सांबार पानात पडलं.

दुपारी डिग्री कॉफीबरोबर आजींनी आपली वही दाखवली. श्लोक मराठी, लिपी तमिळ. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. कुठला उच्चार करायचा ते वाचणाऱ्याच्या कानाने ठरवायचं. आजींचा कान तयार. मला देवनागरीत उतरवून देणारी आमची लेक मात्र तमिळ नुकतीच शिकलेली. तिने ‘घ्या’ दिसेल तिथे ‘क्या’ लिहिलं. मराठी श्लोक तमिळमार्गे थेट हिंदीत पोचला.

तो कागद आता आमच्या जेवणघराच्या भिंतीवर आहे. ‘क्या’ वाचायचं आणि ‘घ्या’ म्हणायचं, हे सांभाळता सांभाळता श्लोक पाठ झाला. तरीही बायको पापड श्लोक संपल्यावरच वाढते.