व्हॅटिकनमार्गे सांगली

माणदेशात टँकरसाठी अर्ज केला की तहसीलदार प्रांतांकडे बोट दाखवतात, प्रांत जिल्ह्याकडे. आंतरराष्ट्रीय मुत्सद्देगिरीतही हेच चालतं, फक्त अर्जाचा कागद जरा उंची असतो.

सांगलीत जन्मलेल्या मोहन रानड्यांचंच पाहा. गोव्यातली पोर्तुगीज सत्ता उलथवू पाहणाऱ्या आझाद गोमंतक दलाचा हा गडी १९५५ मध्ये पोर्तुगिजांच्या हाती लागला. शिक्षा २६ वर्षांची. पुढे रवानगी थेट लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यात. रानडे बंदूकवाले, त्यामुळे हिंसेविना, निव्वळ विचारांपायी तुरुंगात गेलेल्यांच्या ‘सदसद्विवेकाचे कैदी’ या सोवळ्या व्याख्येत बसत नाहीत. कोठडीला व्याख्येचं सोयरसुतक नसतं, हा भाग वेगळा.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पकडलेले तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक पुढच्याच वर्षी बोटीत बसून मायदेशी गेले. त्या हिशेबात रानड्यांची सुटका काही बसली नाही. दिल्लीने लिस्बनशी संबंधच तोडलेले; बोलणंच बंद, तर दबाव आणायचा कसा? अबोला धरून कुणी नमतं, हे फक्त घरच्या भांडणात!

इकडे गायक-संगीतकार सुधीर फडके गाणी बाजूला ठेवून सुटकेसाठी झटत होते. अखेर १९६८ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई व्हॅटिकनला गेले आणि त्यांनी पोपकडे रानड्यांसाठी शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. सांगलीच्या माणसासाठी, आयुष्यभर पुरोहितशाहीवर तुटून पडलेला तमिळ नेता ख्रिस्ती धर्मगुरूच्या दारात! परराष्ट्र खात्याच्या कुठल्या नियमावलीत हा मार्ग छापलेला असेल, तर जिज्ञासूंनी जरूर कळवावा.