४३६ रुपये कुणी नेले?

अहो वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, पण आधी ऐका. समोरच्यांकडे नवी गाडी आली, पाहिलीत ना? पेढे आले माझ्याकडे, मोजून दोन. मला गाडीचं काही नाही हो. पण परवाच त्या बाईंनी माझ्याकडून सिलिंडरचे पैसे उसने नेलेत, 'एक तारखेला देते' म्हणून. आता काय ते तुम्हीच ओळखा.

माझी सगळी नोकरी पोस्टाच्या बचत काउंटरवर गेली. धोतराच्या सोग्यात किसान विकास पत्रं बांधून आणणारे म्हातारे पाहिलेत, आणि इस्त्रीच्या कपड्यातले साहेब आवर्ती ठेव मुदतीआधी मोडायला आलेलेही पाहिलेत. त्यामुळे कुणाचा पगार किती, हे मी विचारतच नाही. पगार उद्या थांबला तर घर किती महिने चालेल, एवढं सांगा. समोरच्यांचं पंधरा दिवस, लिहून देते. आणि तुमचं?

बघा, गप्प झालात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. पगार नव्हे हो, खर्च. वाणसामान, दूध, वीज, फी, हप्ते, सासऱ्यांच्या गोळ्या. तोही बचत खात्यात नको, साडीचा सेल लागला की तिथून पाय फुटतात. लहान लहान मुदत ठेवी करा. गरज पडली तर एक मोडायची, बाकीच्या तशाच राहतात. सोनं आहे म्हणता? पाटल्या विकायला सासूबाई देतील का, ते आधी विचारा.

बरं, कोपऱ्यावरच्या ताईंचं कळलं का? बँकेत जाऊन आरडाओरडा करून आल्या! यजमानांचं पासबुक भरून घेतलं, तर मेअखेरीला ४३६ रुपये गेलेले आणि त्याखाली आणखी २०. "न विचारता पैसे नेलेच कसे?" म्हणून सगळी शाखा डोक्यावर घेतली. काउंटरवरच्या पोरानं शांतपणे सांगितलं, काकू, हा विमा आहे. ४३६ जीवन ज्योतीचे, २० सुरक्षा विम्याचे. २०१५ साली योजना निघाल्या तेव्हा काकांनीच सही केलीय. तेव्हा ३३० आणि १२ होते, २०२२ पासून वाढले. पहिल्यात माणूस कशानंही गेला तरी घरच्यांना दोन लाख, दुसऱ्यात अपघातानं गेला तर दोन लाख. खात्यात तेवढी शिल्लक नसली की विमा बंद.

ताई घरी येऊन हसत सांगत होत्या. मला मात्र हसू येईना. वाईट बोलू नये, पण उद्या काही झालं असतं तर हे पैसे मागायला गेलं कोण असतं? बाईला पत्ताच नाही! तुम्हाला तरी आहे का? ह्यांचा पीएफ, पॉलिसी, डिमॅट, कुठे काय आहे? आणि नॉमिनी कोण? लग्नाआधी लावलेलं नाव तसंच असेल. पीएफमध्ये लग्न झालं की आधीचं नामांकन रद्दच समजतात, नव्यानं भरावं लागतं. बँकेत तर १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नावं देता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे बरं का. पैसे त्याच्या हाती येतात, वारसांचा हक्क राहतोच. पण निदान पैसे अडकून तर पडत नाहीत.

कढीपत्ता पुरे झाला? मग हे ऐकाच. मागच्या आळीतला तो आयटीवाला. मी कुठे विचारायला गेले, त्याची आईच कौतुकानं सांगत होती, "कार्डाचं बिल आमचा कधी चुकवत नाही. पन्नास हजार आलं तरी बँक अडीच हजारांत समजून घेते." मी कपाळाला हात लावला. व्याज महिना साडेतीन टक्के धरा, पन्नास हजारांवर झाले १,७५०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३१५. अडीच हजारांतले २,०६५ हवेत गेले आणि मुद्दल फिटलं ४३५ रुपये. त्या ताईंच्या विम्याइतकेसुद्धा नाहीत! वर बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत, आज मागवलेल्या पिझ्झालाही आजपासूनच व्याज. आणि ही माउली सात टक्क्यांची ठेव कवटाळून बसलीय. मी स्पष्ट सांगितलं, मोडा ती ठेव, आधी पोराचं कार्ड कोरं करा. राग आला तिला. येऊ दे.

लग्नाचा आहे हो तो. आणि २०२५ मध्ये मूर्तिजापुरात मुलाचा सिबिल वाईट निघाला म्हणून ठरलेलं लग्न मोडलं, पेपरात आलं होतं की! ३०० ते ९०० मध्ये आकडा असतो. असा अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. तुम्ही दोघांनीही काढून ठेवा. कुणाला जामीन राहिला असाल तर तेही त्यात दिसतं.

भिशी चालू द्या, मी कशाला नको म्हणू? पण तुमचा नंबर शेवटचा लागला की तुम्ही वर्षभर बाकीच्या बायकांना बिनव्याजी कर्ज देता, एवढं ध्यानात ठेवा. फराळापुरती बरी. मला काळजी आहे ती तुमच्या पतसंस्थेतल्या ठेवीची. एक टक्का जास्त मिळतो म्हणून सगळं तिथेच ठेवलंय ना? बँक बुडाली तर व्याजासकट पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे. २०२०च्या आधी तो लाखाचाच होता. सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला हा विमा नाही. चेअरमन तुमच्या माहेरचे असले तरी नाही. सगळं काढा असं म्हणत नाही, पण मुदत संपेल तसं निम्मं तरी हलवा.

आणि हो, थोरल्या सासूबाई गेल्या, त्यांचं गावच्या शाखेत खातं होतं म्हणालात ना? दहा वर्षं हात लागला नाही की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. वारसांना परत मिळतात, फक्त मागावे लागतात. उद्गम नावाचं पोर्टल आहे त्यांचं, नाव टाकून शोधता येतं. पण खातं लग्नाआधीचं असेल तर सासरच्या नावावर सापडायचं नाही. त्यांचं माहेरचं आडनाव काय हो?