बिनकेसाचा सल्लागार

केसांच्या बाबतीत माझं मत कुणी विचारावं, अशी परिस्थिती आता उरलेली नाही. कानामागची झालर सोडली तर माझ्या डोक्यावर जे काही आहे, त्याचे न्हावीसुद्धा जुन्या ओळखीखातर पैसे घेतो. तरीही न्यू जर्सीला मुलाकडे असताना, सूनबाईच्या केसांचे लॉक्स कोणत्या पद्धतीने सुरू करावेत, या प्रश्नात मी पुरता उतरलो. कारण घरात विषय निघाला होता आणि मी निवृत्त बँक अधिकारी आहे. निवृत्त माणसाला विषय लागतो; माहिती काय, मागाहून मिळवता येते.

सूनबाई तिथलीच, ईस्ट ऑरेंजची. कृष्णवर्णीय अमेरिकन. केस दाट आणि इतके बारीक कुरळे की लग्नात आमच्या हिने माळलेला गजरा एकाही पिनेशिवाय वरात संपेपर्यंत जागचा हलला नाही. रसायनं लावून ते सरळ करणं तिने कॉलेजातच सोडलं होतं. आता तिला लॉक्स हवे होते, म्हणजे केसांच्या कायमच्या गुंफलेल्या बटा. हवेत तर कर, संपलं, असं मला वाटलं. पण सुरुवात करण्याच्या पद्धती निदान अर्धा डझन निघाल्या आणि प्रत्येक पद्धतीला एकेक नातेवाईक चिकटलेला निघाला.

तिचे मामा फ्रीफॉर्मचे. या पद्धतीत केस धुवायचे, विंचरायचे मात्र नाहीत, आणि पुढचं केसांवर सोपवायचं. ते आपापसात ठरवून कुठे जाड, कुठे बारीक अशा बटा धरतात. मामांच्या डोक्यावर काही बटा अंगठ्याएवढ्या, काही करंगळीएवढ्या, आणि दोघी-तिघी एकत्र नांदणाऱ्या. खर्च शून्य. काही न करता काम आपोआप होईल या श्रद्धेवर आमच्या शाखेत लोकांनी हयात काढली, पण त्यांना मामांइतकं यश आलेलं मी पाहिलं नाही.

विहीणबाई सिस्टरलॉक्सवर ठाम. सॅन डिएगोच्या डॉ. जोअॅन कॉर्नवेल या प्राध्यापिकेने १९९३ साली काढलेली ही पद्धत. बटा अगदी बारीक, डोकंभर मिळून बहुधा चारशेच्या वर, प्रत्येक बट खास हत्याराने मुळाशी ओवून घेतलेली. काम रीतसर शिकलेल्या बाईकडूनच करून घ्यायचं आणि त्यासाठी दोन-दोन दिवस खुर्चीत बसायचं. खर्चाचा आकडा ऐकताच चिरंजीव म्हणाले, "बाबा, रुपयांत गुणायचं नाही." तोवर मी गुणून मोकळा झालो होतो. विहीणबाईंचं म्हणणं एकच, चर्चमध्ये नीटनेटकं दिसायला हवं. त्यांच्या लहानपणी दर शनिवारी रात्री आई लोखंडी कंगवा गॅसवर तापवून त्यांचे केस सरळ करायची, रविवारच्या प्रार्थनेसाठी. कानाच्या पाळीवरचा डाग त्या अजून दाखवतात. एवढं भाजूनही नीटनेटकेपणाचा आग्रह सुटलेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

आतेबहिणीने कोम कॉइल सुचवले. बारीक दात्यांच्या कंगव्याने एकेक बट गोल गोल फिरवायची, जेल लावायचं. केस आखूड असले तरी चालतं आणि पहिल्या दिवशी फार गोड दिसतं. पण लवकर धुतलं की कॉइल उलगडलं. एका मैत्रिणीने सांगितलं, क्रोशाच्या सुईने केस आतल्या आत ओढून घेतले की एका बैठकीत लॉक्स तयार. क्रोशा म्हटल्यावर आमच्या हिचे डोळे चमकले. टीव्हीवरचे रुमाल, फ्रिजच्या दांड्याचे मोजे, असा तिचा मोठा अनुभव. मात्र हात जड असेल तर सुई केस तोडते हे कळताच सूनबाईने सुईचा विषय हळूच बाजूला ठेवला.

या सगळ्यात चिरंजीवांचं मत काय? "तुला आवडेल ते कर." हे वाक्य सुरक्षित आहे असं नव्या नवऱ्यांना वाटतं. त्यानंतर दोन दिवस जेवणाच्या टेबलावर फक्त मी बोलत होतो.

आमच्या हिची अडचण वेगळी होती. तिने रात्री दार लावून विचारलं, "अहो, म्हणजे जट का?" प्रश्न वेडगळ नव्हता. केसांत गुंता झाला, देवीचं बोलावणं आलं म्हणून पोरीला यल्लमाला सोडल्याच्या गोष्टी आमच्या पिढीने कानांनी ऐकल्या आहेत. २००९ साली 'जोगवा' सिनेमा पाहून आल्यावर ही दोन दिवस गप्प होती. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही गावोगाव बायकांची समजूत काढून जटा सोडवतात. मी तिला म्हटलं, तिथे केस गुंतले की बाईला कुणी काही विचारत नाही. इथे गेला आठवडा आपण विचारण्याखेरीज दुसरं काही केलेलं नाही. हे तिला पटलं. मग तिने खोबरेलची बाटली पुढे केली. सुरुवातीला जड तेलं आणि मेण केसांत साचून राहतं, बटा धरायला वेळ लागतो, असं सूनबाईने समजावलं. जटेपेक्षा हा धक्का मोठा होता. तेलाशिवाय केस ही कल्पनाच तिच्या घराण्यात नाही.

माझी शंका बापाला शोभेल अशी होती: नोकरीत चालेल का? सूनबाई हसली नाही. २०१८ च्या डिसेंबरात त्याच राज्यात एका शाळकरी पैलवानाला पंचाने सांगितलं, लॉक्स काप नाहीतर कुस्ती सोड. मॅटच्या कडेलाच कात्री चालली. पोरगा कुस्ती जिंकला. बरोबर वर्षाने, १९ डिसेंबर २०१९ ला, न्यू जर्सीत क्राउन कायद्यावर सही झाली आणि केसांच्या ठेवणीवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करणं बेकायदा ठरलं. कॅलिफोर्नियाने तो त्याच वर्षी आधी, जुलैत केला होता. केस वाढवायला कायदा लागावा, याचं मला नवल वाटलं. मग आठवलं, आमच्या बँकेत एकाने दाढी वाढवली तेव्हा मुख्यालयाकडून परिपत्रक आलं होतं.

शेवटी मी तक्ता केला. वेळ, खर्च, धुण्याची मुभा आणि परतीचा मार्ग असे चार रकाने. कर्जाच्या अर्जात मी नेहमी परतीचा मार्ग आधी बघायचो. इथे पहिले काही आठवडे कॉइल किंवा पीळ उलगडता येतात. पुढे एकतर महिनोन् महिने चिकाटीने सोडवत बसायचं, नाहीतर कात्री. त्या रकान्यात मी लाल शाई वापरली.

हा तक्ता घेऊन आम्ही सगळे लॉक्टिशियनबाईंकडे, म्हणजे लॉक्स घालून देणाऱ्या बाईंकडे गेलो. सगळे म्हणजे विहीणबाईसुद्धा. बाईंनी तक्त्याकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि सूनबाईला विचारलं, "पोहायला जातेस का?"

ती रोज पहाटे जाते. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. बाईंनी दोन मिनिटांत कॉइल निकालात काढले. दुसरा प्रश्न, बटा किती हव्यात? आपल्याकडे बाईच्या डोक्यावर एक भांग असतो. इथे आडवे-उभे भांग पाडून डोक्याचे शंभरेक चौकोन करायचे होते, आणि तेही विटांच्या बांधकामासारखे एक सोडून एक, म्हणजे मधली त्वचा रेघोट्यांसारखी दिसत नाही. पद्धत काही वर्षांनी ओळखूही येत नाही, पण चौकोनाचा आकार जन्मभर राहतो, असं बाई म्हणाल्या. आठवडाभर आम्ही पद्धतीवर भांडलो होतो. आकाराचं कुणी नावही काढलं नव्हतं. सूनबाईने आरशात बघून बोटानेच मध्यम असं दाखवलं.

मग तोडगा निघाला. सुरुवात टू-स्ट्रँड ट्विस्टने, म्हणजे दोन पदरांच्या पिळाने. पहिले काही आठवडे पोहणं बंद. पुढे नवी मुळं वाढतील तशी इंटरलॉकिंगने, म्हणजे बटेचं टोक मुळातून ओवून घट्ट करायची. ती वीण पाण्याने सुटत नाही. ओवायचं ते चारही दिशांनी, पाळीपाळीने. एकाच बाजूने ओवत गेलं तर मुळाशी भोक पडतं, आणि फार घट्ट किंवा वारंवार केलं तर केस विरळ होतात. विहीणबाईंना नीटनेटकेपणा मिळाला, सूनबाईला तलाव मिळाला. मामांना काहीच मिळालं नाही, आणि त्यांच्या पद्धतीला ते धरूनच होतं.

बाई पीळ घालत होत्या तेव्हा आमची ही खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. तिचं माहेर गुहागरकडचं, लहानपणी काथ्याचे सुंभ वळताना पाहिलेली. थोड्या वेळाने म्हणाली, "पदराला एका बाजूला पीळ आणि जोडीला उलट्या. म्हणून सुटत नाही." मी भाषांतर केलं. बाईंनी मागे वळून पहिल्यांदाच आमच्यापैकी कुणाकडे आदराने पाहिलं. पुढच्या आठवड्यात मानेजवळची एक बट उसवली तेव्हा सूनबाईने लॉक्टिशियनला फोन केला नाही. "आई, जरा बघता का?" म्हणत ती स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसली.

आता केस फुगले आहेत, हव्या त्या दिशेला उभे राहतात. या अवस्थेला तिथे टीनएजच म्हणतात, आणि पक्के व्हायला दीड-दोन वर्षं जातात. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. आपल्याकडे ते वरणात सापडतात. तिचे जागेवरच अडकतात आणि बट धरायला उपयोगी पडतात. गळलेल्या केसांचं इतकं चांगलं पुनर्वसन मी आधी पाहिलं नव्हतं, आणि मला अनुभव कमी नाही.

आम्ही डोंबिवलीला परत आलो, पण तक्ता तिथेच राहिला. विहीणबाईंनी तो चर्चमध्ये फिरवला असावा. परवा रात्री साडेअकराला त्यांच्या एका मैत्रिणीचा फोन. नातीचे लॉक्स सुरू करायचे आहेत, आखूड केस आहेत, कॉइल करावेत की ट्विस्ट? ही झोपेतून म्हणाली, "कोण आहे हो एवढ्या रात्री?" मी चष्मा लावला, उशी पाठीशी घेतली आणि विचारलं, "मुलगी पोहायला जाते का?"