गुरुग्रामचे शिलेदार

१७३७ साली बाजीराव घोडदळासह दिल्लीच्या वेशीवर तालकटोऱ्यापाशी येऊन धडकला. घोड्यावर बसल्या बसल्या कणसं चोळून खाणारा गडी तो, असं म्हणतात. त्याच तालकटोऱ्यात २०२५ साली ९८वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मराठी मंडळी मेट्रोने नाहीतर कॅबने आली. पण दिल्लीतल्या मराठी माणसाने मांड सोडली असं कुणी समजू नये! रविवारी पहाटे तो गुरुग्रामकडच्या घोडेस्वारीच्या फार्मवर हजर असतो.

मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. भेद आजही शाबूत आहे. ज्याचा घोडा तिथे महिन्याच्या बोलीवर चंदी खातो तो शिलेदार. अर्ध्या तासाचे पैसे मोजणारा बारगीर. खरारा दोघांचाही मोतद्दारच करतो. साहेब गाजर भरवतात आणि फोटो काढून घेतात.

तंग आवळताना घोडा पोट ताठ फुगवून उभा राहतो. पुढे श्वास सोडला की तंग ढिला, खोगीर तिरकं आणि शिलेदारही तिरका. नोव्हेंबरच्या धुरात स्वाराला मास्क असतो. घोडा फक्त नाकानेच श्वास घेऊ शकतो, त्याच्या नाकावर मात्र नुसती नाकपट्टीच.

तबेल्यातली मैत्री मात्र अस्सल. परवा एकाच्या घोडीला पोटशूळ झाला, अख्खा ग्रुप रात्रभर जागा. सकाळी ऐन मीटिंगमध्ये फोन वाजला आणि एक व्हाइस प्रेसिडेंट आनंदाने ओरडले, ‘‘लीद टाकली!’’