सातचा भोंगा

सातारा जिल्हा महाराष्ट्राला दोन गोष्टी पुरवतो. फौजी आणि मालिका. फौजी सीमेवर जाऊन घुसखोरी अडवतात. मालिका रोज संध्याकाळी आपल्या घरात घुसतात.

२०१७ साली दोन्ही एकत्र आल्या आणि 'लागिरं झालं जी' तयार झाली. तेजपाल वाघ यांचं लेखन, श्वेता शिंदे यांची निर्मिती, फौजी व्हायला निघालेला अज्या आणि त्याची शीतली. दोन वर्षं महाराष्ट्र साताऱ्याच्या बोलीवर फिदा. गावाकडचा पाहुणा 'लई' म्हणाला की पुण्यातल्या ज्या घरांत भुवया वर जायच्या, तिथेच शीतलीच्या नकला सुरू झाल्या.

पाहुण्याचा मुक्काम मात्र एका दिवसानेही वाढला नाही.

तोच अज्या, म्हणजे नितीश चव्हाण, २०२४ मध्ये 'लाखात एक आमचा दादा' होऊन परतला. या वेळी डोक्यावर चार बहिणींची जबाबदारी. सियाचीनची पोस्टिंग परवडली!

आणि हा दादा मूळचा कुठला? तामिळनाडूचा. तिथल्या 'अण्णा' मालिकेवरून उचललेला. 'ठरलं तर मग' तामिळ 'रोजा'वरून. 'आई कुठे काय करते' बंगाली 'श्रीमोयी'वरून. आपल्याकडच्या गोष्टी आटल्या की काय? कुठल्याही गावच्या पारावर जाऊन बसा. एका बांधाच्या भांडणात हजार भाग निघतील, शिवाय कोर्टाच्या तारखा वेगळ्या. पण ते भांडण आधी तामिळमध्ये गाजलं पाहिजे, त्याशिवाय इथे त्यावर कोण पैसा लावणार?

वाईची तर वेगळीच तऱ्हा. 'गंगाजल' सिनेमात ती बिहारात होती, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेशात. मालिकांनी तिला निदान सातारा जिल्ह्यात परत आणलं.

आणलं आणि लगेच खून पाडायला घेतले.

२०१६ साली वाईत उघडकीला आलेल्या हत्याकांडावरून 'देवमाणूस' सुचली. २०२० मध्ये पहिला भाग. २०२१ सरता सरता दुसरा. आणि २०२५ मध्ये? 'मधला अध्याय'! पुढे जागा नाही म्हटल्यावर मध्ये घुसायचं. स्वारगेटच्या एसटीत आपण दुसरं काय करतो? किरण गायकवाडचा डॉक्टर प्रत्येक वेळी सापडतो सापडतो म्हणता निसटला. आणि आम्ही पाहत राहिलो. खरं सांगायचं तर त्याच्यासाठी नाहीच, सरू आजीच्या तोंडाच्या पट्ट्यासाठी. अख्ख्या मालिकेत खरं बोलणारी तेवढी एकच बाई होती.

त्याआधी 'मिसेस मुख्यमंत्री'. खेड्यातली मुलगी थेट मुख्यमंत्री होते, ही कल्पना २०१९ च्या जूनमध्ये फारच धाडसी वाटली होती. पुढे १८ ऑक्टोबरला शरद पवार साताऱ्यात भर पावसात बोलले. टँकर नाही, पंखे नाहीत, रीटेक नाही. २३ नोव्हेंबरला तर भल्या सकाळीच मुख्यमंत्र्यांचा शपथविधी उरकला, प्रोमोसुद्धा न दाखवता. मालिकेच्या लेखकाने काय करावं? निमूटपणे सासू-सुनेकडे वळावं.

गुळुंबची गोष्ट आठवते? जानेवारी २०२२. 'मुलगी झाली हो' मालिकेतून अभिनेते किरण माने यांना काढलं. का काढलं, याची कारणं दोन्ही बाजूंनी वेगवेगळी सांगितली. मालिकेचं चित्रीकरण वाई तालुक्यातल्या गुळुंबात, म्हणून वादात ग्रामपंचायतही उतरली. चित्रीकरण थांबवा, असं पत्र निघालं. रस्ता, गटार, पाणी हे विषय ग्रामपंचायतीच्या कामकाजात असतात हे ठाऊक होतं. त्यात पात्रनिवडही आली, हे तेव्हा कळलं.

पण मालिकांना खरा दणका दिला तो शेजारच्या जिल्ह्याने.

शेजारचा तरी कसला? १९४९ ते १९६० सांगलीचं नावच 'दक्षिण सातारा' होतं. ताटातूट झालेली भावंडं म्हणतात ती हीच. तर सांगलीच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव. कोरोनात तिथेही शाळा मोबाईलमध्ये शिरली होती. साथ ओसरल्यावर शाळा बाहेर आली, मोबाईल पोरांच्या हातातच राहिला. १४ ऑगस्ट २०२२ ला ग्रामसभा बसली. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सातला देवळावर भोंगा. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं पुस्तकात. साडेआठला दुसरा भोंगा, मग मोकळे.

त्याच वर्षी मशिदींवरच्या भोंग्यांवरून राज्यभर रान पेटलं होतं. वडगावने भोंग्याला कामाला लावलं.

सात ते साडेआठ! चॅनलवाल्यांचा सोन्याचा वेळ. गावाने बायकांना विचारलं. मालिका जरा जास्तच होतात, हे बायकांनीच कबूल केलं. पुरुष आधी हसले. साहजिक आहे. त्यांचे कार्यक्रम गंभीर. सहा चौकटींत सहा प्रवक्ते एकाच वेळी ओरडतात, त्याला मालिका कशी म्हणायची?

आता हिशेब मांडा. रोज दीड तास टीव्ही बंद, म्हणजे तीन मालिका बुडाल्या. बुडालं काय? सोमवारी सून जिना चढायला लागते. मग सासूचा चेहरा, नणंदेचा चेहरा, पुन्हा सासूचा चेहरा, ढगांचा गडगडाट. गुरुवारी सून तिसऱ्या पायरीवर. वडगावकर शुक्रवारी आले तरी उरलेला जिना त्यांच्या वाट्याला येतोच.

सांगलीने हे शिकवावं यात नवल नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं ते सांगलीतच. राक्षस गरजले, धनुष्य मोडलं, लग्न लागलं, प्रेक्षक घरी गेले. आजच्या वाहिनीला तेच स्वयंवर द्या. पहिला आठवडा मेंदी, दुसरा हळद. तिसऱ्यात कळणार की धनुष्य कैकेयीने आधीच बदलून ठेवलंय. मग रविवारी दोन तासांचा विवाह विशेष, आणि त्यातही मंगलाष्टकांच्या ऐन वेळी दारात कोणीतरी उभं!

लोक कंटाळलेत, हे टीआरपीवाल्यांना कसं कळणार? टीआरपी मोजणाऱ्या 'बार्क'ची मीटरं देशभरातल्या मोजक्याच घरांत. ती घरं कुठली, हे गुपित. त्यावरून दर गुरुवारी ठरतं की महाराष्ट्राला काय आवडलं. कोणाला नको झालंय, हे मोजायला अजून मीटर निघालेलं नाही. मंदिरावरचा भोंगा तेवढा आहे, पण त्याचा आकडा जाहिरातदाराला कोण दाखवणार?

आणि वडगावात भोंगा सुरू झाला तेव्हा 'देवमाणूस २' चालूच होती बरं का. लागायची रात्री, पोरं झोपल्यावर. सातला अभ्यास पोरांनी करायचा. खून पचवायचे कसे, याची शिकवणी थोरांना, रात्रीच्या वर्गात.