रेंडर चालू आहे

“लग्नाचा व्हिडिओ कधी मिळणार?” असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं: “रेंडर चालू आहे.” तारिहाळात, धारवाडात, बेळगावात, जिथं म्हणून घरबसल्या लग्नाचे व्हिडिओ कापणारा मराठी मुलगा आहे, तिथं हेच उत्तर मिळतं.

आमच्या तारिहाळच्या नमुन्याचं घर औद्योगिक वसाहतीजवळ. खिडकीखालून लॉऱ्या जातात आणि काळ्या मातीची धूळ थेट कॉम्प्युटरच्या पोटात जाते. ती साफ करायला एक ब्रश आणि अर्धा तास पुरे. पण ब्रशला आरजीबी लाइट नसतात, म्हणून तो नवीन पंखे आणतो. मे महिन्यात खोली तापते, प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे जातो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. आई दारातून म्हणते, “कॉम्प्युटर चालतोय का गिरणी?” यावर तो ग्राफिक्स कार्ड बदलायचं ठरवतो.

त्याची अडचण खरी आहे, हे मान्य करू. कॅमेरेवाला हौसेनं 4के मध्ये शूट करतो, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके. शिवाय एच.265 ची फाइल जागा वाचवण्यासाठी बहुतेक चित्रं अर्धवटच साठवते, आजूबाजूच्या चित्रांत काय बदललं तेवढंच. एक चित्र दाखवायला कॉम्प्युटरला शेजारची चार चित्रं उलगडावी लागतात. त्यामुळे माउस हलवला की वरमाला नवरीच्या हातातच अडकते. अक्षता पडतात त्या एकेक करून.

मग तो खरेदीला कोप्पीकर रोडला जातो. 16 जीबी रॅमची 32 झाली, हार्डडिस्क जाऊन एसएसडी आली. एसएसडीचा फायदा झाला, यात वाद नाही. जुन्या हार्डडिस्कमधून सेकंदाला दीडएकशे एमबी यायचे, एनव्हीएमई एसएसडीतून हजारोंनी येतात. पण त्यानं सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरला, नंतर वेगाची चाचणी घेतली, चाचणीचा स्क्रीनशॉट मित्रांना पाठवला आणि गिरमिट खायला गेला. लग्न तिथंच, सप्तपदीच्या तिसऱ्या पावलावर.

प्रॉक्सी नावाचा उपाय त्याला ठाऊक आहे. मूळ फाइलच्या हलक्या प्रती बनवायच्या, त्यांच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी रेंडर मूळ फाइलवरून करायचं. जुनाच कॉम्प्युटर लोण्यासारखा चालतो. दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही ही सोय आहे. पण “प्रॉक्सी म्हणजे कमी क्वालिटी री, अण्णा,” असं तो म्हणतो. खरं कारण निराळं आहे: प्रॉक्सीला पैसे पडत नाहीत, आणि फुकट इलाजावर त्याचा विश्वास नाही.

माणूस मात्र गुणी आहे. बसला तर मंगलाष्टकांवर अशी कापणी करतो की वधूमाय दुसऱ्यांदा रडते. तेव्हा काम त्यालाच द्या. फक्त ॲडव्हान्सचे पैसे रोख देऊ नका. दिलेत तर त्यांची रॅम होईल.