बँडवाले

मीरा रोडला आमच्या चौथ्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत. सकाळचे सहा वाजले की त्यातल्या शेवटच्या बिऱ्हाडाचं दार आतून हलायला लागतं. चोर नाही, भूकंप नाही. दाराच्या फटीत एक पट्टा अडकवलेला असतो, पट्ट्याला रबरी बँड असतो आणि बँडच्या टोकाला आमचे शेजारी असतात. वय ५२, कमर ३८, फोर्टातल्या एका कचेरीत सीनियर अकाउंटंट. त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर आहे, पण ते आता फक्त खजिनदार वापरतात. बाकी तिन्ही विंगांत त्यांना ‘बँडवाले’ म्हणतात.

असा एक बँडवाला हल्ली दर इमारतीत असतोच. पूर्वी चाळीत एक होमिओपॅथीच्या गोळ्या वाटणारा असायचा, त्याच्या रिकाम्या जागेवर हा आला. ओळखायला सोपा. चालताना दंड अंगापासून चार बोटं लांब धरतो, जणू दोन्ही काखांत नारळ आहेत. दुसऱ्याच्या घरी गेला की खुर्चीत बसण्याआधी ती एका हाताने उचलून तोलून बघतो. आणि ‘काय, कसं काय?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘आज बॅक आणि बायसेप.’

याची सुरुवात बहुतेक वेळा होते तशीच झाली. रक्तातली साखर कुंपणावर येऊन बसली होती. डॉक्टर म्हणाले, चाला आणि थोडा ताकदीचा व्यायाम करा. बँडवाल्यांनी एका जिमची वर्षाची फी एकरकमी भरली आणि ते अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी पाऊस होता. तेराव्या दिवशी पाऊस नव्हता, पण चिखल होता. मग त्यांना साक्षात्कार झाला की शरीर घडवायला जिम लागतच नाही. ‘आपलं शरीर हीच जिम! मिनिमल इक्विपमेंट!’ हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात पहिलं पार्सल होतं.

मिनिमल इक्विपमेंट ही मोठी जागा खाणारी गोष्ट आहे. आधी मॅट आली. मॅटवर पाच रंगांचे बँड आले. दोरीवरच्या उड्यांची दोरी आली, पोटासाठी चाक आलं, पुश-अपचे दोन दांडे आले. अंग आखडलं म्हणून फोमचं लोढणं आलं. मग हे सगळं ठेवायला एक रॅक आला. वहिनींचं घर वन बीएचके. सहा फुटी मॅट हॉलमध्ये अंथरायची तर टीपॉय दिवाणावर, दिवाणावरच्या उशा फ्रिजवर आणि सासूबाई गॅलरीत, अशी रोजची मांडणी. व्यायामाआधीचा हा सगळा व्यायाम वहिनी करतात. त्याला बँडवाले ‘वॉर्म-अप’ म्हणतात, पण तो स्वतःच्या हिशेबात धरतात.

दाराला बँड लावण्याचं एक शास्त्र आहे. ज्या बाजूने ओढलं की दार आणखी घट्ट बसतं, त्या बाजूला उभं राहायचं. उलट बाजूला उभं राहिलात आणि तेवढ्यात कुणी दार उघडलं, तर पट्टा सुटतो आणि ताणलेलं रबर थेट धन्याकडे येतं. हे बँडवाल्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी ते वहिनी दूध घेऊन परत आल्यानंतर वाचलं. कपाळावरचा वळ आठ दिवस होता. ऑफिसात त्यांनी विरार लोकलचं नाव सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं.

बँडच्या रंगांवरून तर पार मीटिंग झाली. पिवळा हलका, त्याच्यापुढे लाल, मग हिरवा, निळा, काळा. प्रत्येक कंपनीची वर्णव्यवस्था वेगळी, पण रंगावरून ताण ओळखायचा ही पद्धत सगळीकडे. घामेजलेले बँड पुसून ते गॅलरीत लटकवतात, उत्तनला बांबूंवर बोंबील सुकत घालतात तसे. निवडणुका लागल्या तेव्हा सेक्रेटरी स्वतः वर आले. ‘साहेब, आचारसंहिता आहे. बी विंगवाले विचारतायत की तुम्ही नक्की कुणाचे?’ बँडवाल्यांनी अर्धा तास प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड समजावला. म्हणजे स्नायूला एकाच भाराची सवय झाली की भार थोडा थोडा वाढवत न्यायचा, म्हणून पिवळ्यावरून लालवर जायचं. सेक्रेटरी एवढंच समजले की गृहस्थ पक्ष बदलणारा आहे.

डंबेल मात्र विकत आणायचे नाहीत, हा त्यांचा बाणा. त्यांनी तेलाचे पाच लिटरचे दोन कॅन धरले. महिनाभर पाच-पाच किलोच्या हिशेबाने वहीत नोंदी झाल्या. मग एक दिवस कॅनवरचं बारीक अक्षर वाचलं. तेल पाण्यापेक्षा हलकं, पाच लिटर म्हणजे जेमतेम साडेचार किलो. अकाउंटंट माणूस, रात्र जागून महिन्याभराच्या सगळ्या नोंदी लाल शाईने दुरुस्त केल्या. पुढे महिना सरत आला तसा आणखी एक घोटाळा ध्यानात आला. वहिनी रोज त्याच कॅनमधून फोडणीला तेल काढत होत्या. म्हणजे ताकद वाढत होती असं जे वाटत होतं, ते तेल संपत होतं.

तेलानंतर मीठ. भाईंदरच्या मिठागरांचा अभिमान म्हणून त्यांनी बाटल्यांत खडे मीठ भरलं. एकीचं झाकण सैल राहिलं, जुलैची हवा आत गेली आणि आतल्या मिठाचा एक धोंडा झाला. तो बाटली कापूनच काढावा लागला. शेवटी वाळू. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, हे गणित त्यांचंच आणि बरोबर आहे. मीरा रोडला वाळूला तोटा नाही, कुठल्या ना कुठल्या इमारतीची दुरुस्ती चालूच असते. रात्री अकराला, हातात रिकाम्या बाटल्या घेऊन, बर्म्युडात वाळूच्या ढिगाशी उकिडवा बसलेला पन्नाशीचा माणूस पाहून वॉचमनला जे वाटायचं ते वाटलं. ‘काका, घरात जागा नाही का? खाली बाथरूम आहे,’ तो हळूच म्हणाला.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एकदा त्यांनी मला मोबाइलवर एक परदेशी पैलवानछाप माणूस दाखवला. तो हातापायांवर ओणवा होऊन छाती जमिनीजवळून घासत वर काढत होता. ‘हिंदू पुश-अप! यांनी कुठून शोधून काढलंय बघा.’ मी म्हटलं, ‘अहो, हा जोर आहे.’ त्याच्यापुढची ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणजे बैठक निघाली. बँडवाले क्षणभर खट्टू झाले. कारण त्यांचे आजोबा औंध संस्थानातल्या आटपाडीच्या शाळेत शिकले होते. औंधच्या राजांना, भवानराव पंतप्रतिनिधींना, सूर्यनमस्काराचं वेड होतं. ते स्वतः घालत, संस्थानातल्या शाळांमधून पोरांकडून घालून घेत, आणि १९३८मध्ये त्यांचं याच विषयावरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये छापून निघालं. राजवाड्यात राहणारा माणूस सांगत होता की व्यायामाला हातभर जागा आणि दोन हात पुरतात. आणि त्याच्या प्रजेचा नातू वन बीएचकेत रॅक ठेवून बसला होता.

आजोबांचे मुदगलही होते. गावच्या घरी गोठ्याचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्यातला एक टेकवून ठेवलेला असे. इंग्रज शिपायांनी हिंदुस्थानात मुदगल पाहिले, मायदेशी नेले आणि त्यांना ‘इंडियन क्लब’ म्हणू लागले. पुढे १९०४ आणि १९३२च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याचं पदक होतं. बँडवाल्यांनी हे ऐकलं आणि त्याच रात्री इंडियन क्लबची ऑनलाइन ऑर्डर दिली. गोठ्याचं काय झालं हे विचारायला गावी फोनसुद्धा केला नाही.

पार्सल आलं. पहिल्याच फेरीत तो क्लब पंख्याला लागला. पंख्याचं एक पातं तेव्हापासून किंचित वाकडं आहे आणि दोनवर ठेवला की हेलिकॉप्टरसारखा आवाज करतो.

पंख्याच्या आधी खालच्या काकू येऊन गेल्या होत्या. सकाळी सहाला वर जंपिंग जॅक चालले की त्यांच्या छताचे पोपडे गळत. तिसऱ्या दिवशी त्या ते पोपडे सुपलीत भरून घेऊन आल्या आणि काही न बोलता टीपॉयवर ठेवून गेल्या. तेव्हापासून बँडवाले ‘लो-इम्पॅक्ट’ झाले. उड्या बंद, प्लँक सुरू. प्लँक म्हणजे कोपर आणि चवडे टेकून फळीसारखं ताठ राहायचं. जगात लोक नऊ-नऊ तासांचे विक्रम करून बसलेत. बँडवाल्यांची फळी ४० सेकंदांची आहे. पण त्या ४० सेकंदांत त्यांच्या चेहऱ्यावर दहिसर आणि मीरा रोडच्या मध्ये सिग्नलला थांबलेल्या गाडीतल्या माणसाची व्याकुळता असते.

गाडीवरून आठवलं. विरारहून भरून आलेल्या फास्टमध्ये मीरा रोडला चढणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत. पाठ, खांदे, पोटऱ्या, सगळं फुकटात. पण रोज अर्धा तास स्क्वॉट मारणारा हा माणूस चर्चगेटपर्यंत उभं राहावं लागू नये म्हणून आधी उलटा भाईंदरला जातो आणि तिथून सुटणारी लोकल पकडून बसून येतो. बरं, खिडकी मिळत नाही. मिळते चौथी सीट, म्हणजे एक कुल्ला बाकावर आणि दुसरा परमेश्वराच्या भरवशावर. मी चिडवलं तर म्हणाले, ‘लोकांना त्रास वाटतो. मी त्यात ग्लूट धरून ठेवतो. बोरिवलीपर्यंत डावा, पुढे उजवा.’

आता रेस्ट डेबद्दल सांगायलाच हवं.

उन्हाळा होता. पाण्याची बोंब, त्यात लिफ्ट बंद. पाण्याचा वीस लिटरचा जार देणारा पोरगा जार खालीच ठेवून पळाला होता. वहिनी म्हणाल्या, ‘अहो, तेवढा जार आणता का वर?’ वीस लिटर म्हणजे वीस किलो, तेही एका हाताने धरता येईल असं कडं असलेलं. म्हणजे ज्याच्यासाठी लोक केटलबेल विकत घेतात तेच. मला वाटलं, चला, आज विद्येचं सार्थक. पण बँडवाले मॅटवर उताणे पडून होते. ‘आज माझा रेस्ट डे आहे. स्नायू व्यायाम करताना वाढत नाही गं, विश्रांतीत वाढतो.’

यातलं एकही अक्षर खोटं नाही, हीच बँडवाल्यांची पंचाईत आहे. ताणलेल्या स्नायूला सावरायला वेळ द्यावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, सात दिवस नाही. फक्त त्यांचा रेस्ट डे कधी कुठे पडेल याचं वेळापत्रक कुठेच छापलेलं नसतं. दिवाळीची माळ्यावरची सफाई, गॅसचा सिलिंडर, दहा किलोची कणीक, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचा दिवस, हे सगळे रेस्ट डे. वहिनी मालवणच्या. त्यांनी पदर खोचला, जार कमरेवर घेतला, विहिरीवरून कळशी आणावी तसा, आणि चार मजले न थांबता चढल्या. मी मदतीला धावलो तर मला धाप लागली. वरच्या कठड्यावरून बँडवाल्यांचा आवाज येत होता, ‘कोअर टाइट ठेव! पाठ सरळ! श्वास सोड, श्वास सोड!’

‘सोडलाय,’ वहिनी खालून म्हणाल्या. ‘तुमच्या नावाने.’

खोटं कशाला बोलायचं, वर्षभरात फरक पडलाय. साखर कुंपणावरून अलीकडे उतरली आहे. याचं श्रेय ते निळ्या बँडला देतात, वहिनी अर्धा चमचा साखरेच्या चहाला. स्टेशनचा पूल ते आता मध्ये थांबून मोबाइल बघितल्याचं नाटक न करता चढतात. दंडाला खरोखरच आकार आला आहे. पोट मात्र आहे तिथेच आहे. रोज शंभर क्रंच मारले म्हणून पोटावरचीच चरबी जात नाही, ती शरीराला हवी तिथून हवी तेव्हा उतरते. हे त्यांनीच मला समजावलं, डाव्या हाताने ते झाकत.

गेल्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, रविवारी सकाळी मी जिन्यात असताना एक गृहस्थ धापा टाकत वर आले. कपाळाला गंध, हातात पत्रिकांची पिशवी. नवघरहून आले होते. खाली वॉचमनने त्यांना सांगितलं होतं, चौथा मजला, शेवटचं दार. त्यांनी बेल वाजवली. आतून दार एकदा हललं आणि वहिनींनी जपून, एका बाजूला सरून, उघडलं.

‘बँडवाले इथेच राहतात ना? अठ्ठावीस तारखेची वरात आहे. पंधरा माणसं मिळतील का? घोड्याचंपण तेच बघतात का?’

वहिनींनी मागे वळून पाहिलं. मॅटवर, दोन बाटल्या वाळू उशाला घेऊन, बँडवाले छताकडे बघत पडले होते. पंखा दोनवर होता.

‘हो, इथेच राहतात,’ वहिनी म्हणाल्या. ‘पण आज त्यांचा रेस्ट डे आहे.’